पालथी ताटं

‘शेवटी चांगलं होतं ना?’ हा प्रश्न या कादंबरीबद्दल मला मोठ्या माणसांनी इतक्यांदा विचारला की मी उत्तर द्यायचंच सोडून दिलं. ज्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना मी ती सांगत होते, त्यांनी तो एकदाही विचारला नाही. त्यांची चौकशी वेगळी होती. बादली तिथं कुणी ठेवली? बापावर कर्ज किती होतं आणि ते फिटलं का? पोरगी पळून गेली तेव्हा तिनं बरोबर खायला काय घेतलं होतं?

कादंबरी अमेरिकन आहे, ‘आउट ऑफ द डस्ट’. लेखिका कॅरन हेस. १९९७ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं, तिकडचा बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार. लिहिलीय कुमारवयाच्या वाचकांसाठी. गोष्ट ओक्लाहोमाच्या पार पश्चिमेच्या चिंचोळ्या पट्ट्यातली, १९३४ आणि ३५ ची. चौदा वर्षांची बिली जो, गव्हावर सगळी भिस्त ठेवून बसलेला बाप, दिवस गेलेली आई आणि घरात एक पियानो. पाऊस नाही. वारा मात्र भरपूर, आणि वाऱ्याबरोबर शेतातली माती घरात. हे सगळं बिली जो स्वतः सांगते, तारीखवार, छोट्या छोट्या मुक्तछंद कवितांतून.

माती उडायला का लागली, हे मी मुलांना जरा पाल्हाळ लावून सांगितलं. त्या मैदानांवर मुळात गवत होतं, जमीन धरून ठेवणारं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला तशी लोकांनी नांगर घालून गवत उलथून टाकलं आणि जिकडं तिकडं गहूच केला. मग भाव पडले, पाऊस गेला, आणि उघडी पडलेली जमीन वारा उचलून न्यायला लागला. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर असं वादळ आलं की दिवसाढवळ्या हाताला हात दिसेना. तिकडं त्याला अजून ‘काळा रविवार’ म्हणतात. सांगताना मी मराठवाड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पुढं बसलेला एक जण आपणहून म्हणाला, ‘‘आमच्याकडं उसाचं तसंच हाय की, मॅडम.’’ कसं रे? ‘‘प्यायला पाणी नाही तरी ऊसच लावायलेत. अन् तोडायला आमचेच मायबाप.’’ लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते एप्रिल २०१६ मध्ये. तेव्हा हा पोरगा पाळण्यात असेल. पण घरात बोललेलं मुलांच्या कानावर पडतच असतं.

ही मुलं बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका गावची. दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाची गाडी येते आणि बालाघाटाच्या डोंगरातली अशी गावं रिकामी होतात. मागं राहतात म्हातारी माणसं, कुलपं आणि शाळकरी मुलं. त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह, प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत आणि झोपायला बहुतेक जण आजीकडं. रात्रीच्या जेवणाआधीचा तास-दीड तास मोकळा असतो, त्यात मी गोष्ट सांगते. अंबाजोगाईत इंग्रजी शिकवण्यात सगळी नोकरी सरली, आता वेळच वेळ आहे, आणि घाट उतरून जायला एसटी मिळते. पुस्तक इंग्रजीत, मुलं पाचवी ते आठवीतली, त्यामुळं मी पान उघडून पुढ्यात घ्यायची आणि एकेक कविता आपल्या बोलीत सांगत जायची. पहिल्याच दिवशी एकीनं हरकत घेतली, ‘‘ही कविता हाय तर यमक कुटं हाय?’’ यमक नाही म्हटल्यावर दोन दिवस त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता.

तो बसला ताटांपासून. कादंबरीत एक कविता आहे ती फक्त जेवणाचं टेबल मांडण्याबद्दल. बिली जोची आई कडक शिस्तीची. ताटं पालथी मांडायची, पेले उपडे ठेवायचे, काटेचमचे रुमालात गुंडाळायचे. सगळे बसले की मग ताटं उलटी करायची. कापडावर ताटाच्या आकाराची तेवढी स्वच्छ चकती दिसते, बाकी सगळी धूळ. तरी जेवणात धूळ येतेच, आणि बाप थट्टा करतो की आज बटाट्याला मिरपूड जरा जास्तच झालीय. हे मला सुंदर वाटलं होतं, एका लेखिकेची नजर म्हणून. मुलांना ते सुंदर वगैरे वाटलं नाही. त्यांना ते माहीत होतं. तोडकऱ्यांच्या कोप्प्या, म्हणजे झोपड्या, पडतात साखर कारखान्याच्या जवळपास, धुराड्यातून रात्रंदिवस काजळी उडते. एकानं उठून करूनच दाखवलं: तवा असा, त्यावर परात पालथी, भाकरी फडक्यात, आणि पाण्याच्या घागरीवर आईचं जुनं लुगडं चौपदरी. ‘‘तरी बी दाताखाली कचकच करतंच,’’ तो म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं, पहाटे उठून पांघरूण झटकलं की अंगाचा आकार तेवढा चटईवर पांढरा राहतो. हेस बाईंना हे सापडलं असतं तर त्यांनी नक्की वापरलं असतं. त्या संध्याकाळनंतर ‘पुढं काय’ म्हणून मुलं फाटकापाशी येऊन थांबायला लागली.

पुढं जे होतं ते सांगायचं कसं, याचा मला घोर होता. बापानं चुलीशेजारी रॉकेलची बादली ठेवलेली असते. आईला वाटतं पाणी. ती कॉफी करायला म्हणून ओतते आणि भडका उडतो. ती बाहेर धावते, आणि घर वाचवायला म्हणून बिली जो पेटती बादली उचलून दाराबाहेर भिरकावते, ती नेमकी परत येणाऱ्या आईच्या अंगावर. पोरीचे हात भाजतात. आई काही दिवस तडफडते, बाळंत होते, जाते. बाळही राहत नाही. या सगळ्यात बाप घरातले अडीनडीचे पैसे उचलून दारू प्यायला गेलेला असतो.

हे ऐकून शहरातल्या मुलांना काय वाटेल ते मी सांगू शकते. ती बिली जोला जवळ घेतील, ‘तुझी चूक नाही’ म्हणतील. इथं आधी सगळं शांत झालं. मग मुलींच्या बाजूनं प्रश्न आला, अगदी कोरड्या आवाजात, ‘‘बापानं बादली मुद्दाम ठिवली का?’’ मी चमकले. पुस्तक वाचताना ही शंका मला शिवली नव्हती, आणि लेखिकेच्या मनातही ती नाही. पण आमच्या भागात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही बातमी वर्षानुवर्षं छापून आलीय आणि ती वाचताना कुणाच्याही मनात पहिलं काय येतं हे बायकांना सांगावं लागत नाही. स्टोव्ह गेले, गॅस आले, सिलिंडर परवडेना म्हणून पुन्हा चुली आल्या. शंका तशीच आहे, आईकडून लेकीकडं आलेली. मी म्हटलं, नाही गं, मुद्दाम नाही, बेफिकिरीनं. त्यावर तिनं मान हलवली. पटलं म्हणून नाही. बेफिकिरी हासुद्धा गुन्हाच, एवढं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ होतं. मुलगे मात्र बापाच्या वकिलीला उभे राहिले. दमून आला असंल, अंधारात ठिवली असंल. वाद जेवणाची घंटा होईपर्यंत चालला.

इकडं अंबाजोगाईत आमचं रविवारचं वाचकमंडळ आहे. मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं गाव. या संतकवी दासोपंतांनी पंचीकरण हा ग्रंथ अख्ख्या पासोडीवर, म्हणजे कापडावर लिहून काढला, तर आम्ही निदान बोलावं तरी. बहुतेक सगळे निवृत्त: मास्तर, बँकवाले, एक तहसील कचेरीतले. त्यांना मी कादंबरीचा सारांश लिहून वाटला होता. दोन तट पडले. एक म्हणे, फार रडकी, असलं मुलांना सांगायचं नाही. त्यांच्या नशिबी आहेच ते, वरून गोष्टीतही तेच कशाला? दुसरा म्हणे, आधी इतकं जाळलं-पोळलं आणि मग शेवटी बाप सुधारतो, पोरगी परत येते, पियानो वाजवायला लागते. हा लेखिकेचा सोयीचा आशावाद. पुण्याहून फोन करणाऱ्या माझ्या भाच्याचं तिसरंच. ‘‘मावशी, त्यांना काहीतरी मोटिव्हेशनल सांग. यूपीएससी झालेल्यांच्या गोष्टी सांग.’’

पहिल्या गटाचं म्हणणं अमेरिकेतलेही पुष्कळ वाचक मांडतात, त्यामुळं त्यात आमच्या गावाचं वेगळेपण काही नाही. पण मला त्या दोन्ही तटांचं एक नवल वाटलं. दुःख किती आणि आशा किती, याचं माप काढत दोघंही बसले होते. आपल्याला ती सवयच आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हापासून हालाखीच्या पुस्तकाची आपली कसोटी ठरलेली: रडू आलं का? रडू आलं की पुस्तक थोर. आणि हल्ली त्याला दुसरी कसोटी जोडलीय, प्रेरणा मिळाली का. मधल्या गोष्टी कुणी तपासत नाही. वसतिगृहातल्या मुलांचा सगळा जीव त्या मधल्या गोष्टींत अडकलेला होता. आशेला त्यांची ना नव्हती. ती कशावर उभी आहे हे त्यांना हात लावून बघायचं होतं, बाजारात बैल बघतात तसं.

बापाचंच घ्या. आमच्या मंडळात त्याच्याबद्दल एकमत होतं: नालायक. बायको तडफडत असताना गुत्त्यावर जाणारा, नंतर पोरीशी बोलेनासा झालेला, चेहऱ्यावर कर्करोगाचे डाग उठले तरी डॉक्टरकडं न जाणारा. मीही मुलांना तो तसाच रंगवून सांगत होते. तर सातवीतली एक मुलगी, एरवी शेवटच्या रांगेत बसून नखं कुरतडणारी, मध्येच म्हणाली,

‘‘पण त्यानं तिचं लगीन नाही लावलं.’’

मला क्षणभर कळेना.

‘‘आई मेली, घरात पोरगी एकटी, चौदाची. तरी त्यानं लगीन नाही लावून दिलं. म्हंजी तो चांगलाच हाय.’’

वर्गात कुणी हसलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे इथल्या पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं. जोडी झाली की कोयता झाला, कोयता झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळाली. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर वेगळाच. आई नसेल तर प्रश्न आणखी लवकर सुटतो. या हिशेबात बिली जोच्या बापानं जे केलं नाही ते त्या मुलीला सगळ्यात आधी दिसलं. कादंबरीच्या कुठल्याही पानावर ते नाही. ओक्लाहोमात तो मुद्दाच नव्हता. पण त्यानंतर मला तो बाप पहिल्यासारखा सांगता येईना. मंडळात मी हे सांगितलं तेव्हा तहसीलवाले काही वेळ चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, ‘‘हा मुद्दा आपल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.’’ त्यांच्या हातून आयुष्यभर दाखले गेलेत, वयाचे सुद्धा.

शेततळ्याला मात्र धमाल आली. बायको गेल्यावर बाप एकटाच एक मोठा खड्डा खणायला घेतो. कुणाला कळत नाही कशाला. नंतर उलगडतं की तळं करायचंय, पवनचक्कीनं पाणी उपसून त्यात भरायचं. तळ्याची गोष्ट आईनं पूर्वी काढली होती, तेव्हा यानंच उडवून लावली होती की पाणी जमिनीत जिरून जाईल. मी एवढं सांगते तोच तिघं-चौघं एकदम ओरडले, ‘‘मग कागद टाकला का?’’ कागद म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर. १९३५ साली कुठला कागद, म्हटल्यावर त्यांची निराशा झाली. मग एकानं काळी माती धुम्मस करून बसवायचा उपाय सुचवला, दुसऱ्यानं तो खोडून काढला, तिसऱ्यानं अनुदानाचा हप्ता कधी पडतो ते सांगितलं. बायको मेल्यावर तिची इच्छा पुरी करणारा नवरा, यावर माझा गळा दाटून आला होता. वर्गात अस्तराच्या जाडीवर चर्चा चालली होती. मला वाटतं त्यांनी त्या तळ्याला माझ्यापेक्षा जास्त मान दिला. ते खरंच भरावं असं त्यांना वाटत होतं.

बिली जो एका रात्री मालगाडीच्या डब्यात चढून पश्चिमेकडं निघून जाते आणि काही दिवसांनी स्वतःहूनच परतते. या जाण्या-येण्यावर माझी मोठी तयारी होती, पण ते मुलांनी चटकन ओलांडलं. जाणं हे त्यांच्या घरी दरवर्षीचं. दसऱ्याला बांधाबांध, पाडव्याच्या मागं-पुढं परत. एवढंच विचारलं की ती परतली तेव्हा घराला कुलूप नव्हतं ना.

लुईझ आली तेव्हा पुन्हा सगळे सावरून बसले. प्रौढांच्या रात्रवर्गात बापाला शिकवणारी बाई. बिली जो पळून गेली त्या काळात तिनं बापाला सावरलेलं असतं. सावत्र आई म्हटल्यावर मुलांनी डोळे बारीक केले. ती हळूहळू येते, मेलेल्या आईची जागा धक्का न लावता सोडून बसते, पियानोबद्दल काही बोलत नाही. मुलींनी तिला महत्प्रयासानं पास केलं, काठावर.

आणि मग शेवट. बाप हट्ट सोडतो. नुसता गहू नको, थोडी जमीन गवताला सोडू, थोडी ज्वारी करू, जमलं तर कापूसही. कादंबरीतली आशा म्हणतात ती एवढीच: भाजलेल्या हातांना मलम लावून पोरगी पुन्हा पियानोवर बसते, आणि बाप पीक बदलतो. ‘ज्वारी’ म्हटल्यावर वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. अमेरिकेत ज्वारी! हुरडा खातात का? मालदांडी का हायब्रीड? कापसावर मात्र गलका विरला. ‘‘ज्वारी ठीक हाय,’’ तो पहिल्या दिवशीचा उसावर बोलणारा म्हणाला, ‘‘पण कापूस नको सांगा त्याला. बोंडअळीनं खाल्ला आमचा. मग माझा बाप तोडीला जायला लागला.’’ सांगा त्याला! नव्वद वर्षांपूर्वीच्या, तेही कल्पनेतल्या माणसाला निरोप द्यायचा होता. एका मुलखात जे पीक सुटकेचं, तेच दुसऱ्या मुलखात कोयता हातात देणारं. हे कुठल्याही समीक्षकाच्या आधी त्याला दिसलं, कारण तो त्या पिकाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता.

ज्वारीचं मी मंडळात सांगितलं तेव्हा आमच्यातले सगळ्यात वयस्कर मास्तर खो खो हसायला लागले. बहात्तरच्या दुष्काळात ते कॉलेज सोडून खडी फोडायला गेले होते; सुकडी खाल्ली, आणि रेशनवर आलेली ती लाल मिलो ज्वारीही. ती अमेरिकेतूनच आलेली. ‘‘म्हणजे बाई, तुमच्या त्या पोरीच्या बापानं पेरलेली आम्ही खाल्ली म्हणायची की! काय भाकरी व्हायची, जनावर तोंड लावीना.’’ मग गंभीर होऊन म्हणाले, सोयीचा आशावाद वगैरे मी म्हणालो होतो, ते मागे घेतो. ज्यानं पेरली त्याला ती आशाच वाटली असणार, खाणाऱ्याचं वेगळं. ‘फार रडकी’ म्हणणारा तट मात्र अजून मागं हटलेला नाही, आणि हटू नयेच. त्याशिवाय रविवार कसा जायचा.

जानेवारीत शाळेनं या कादंबरीवर निबंधस्पर्धा ठेवली, ‘पुस्तकातून मिळालेली प्रेरणा’ असा विषय देऊन. विषय मला विचारून दिला नव्हता. बक्षीस मिळालेल्या निबंधात ‘कष्टाचे फळ नेहमी गोड असते’ हे वाक्य तीनदा होतं, अक्षर सुरेख होतं आणि बिली जोचं नाव एकदाही नव्हतं. परीक्षकांचाही दोष नाही, त्यांना तेच शिकवलेलं. आपण मुलांच्या तोंडून आशा वदवून घेतो ती अशी, २६ जानेवारीच्या भाषणासारखी, आणि मग तक्रार करतो की मुलं मनातलं लिहीत नाहीत.

नखं कुरतडणाऱ्या मुलीनं अर्धंच पान लिहिलं होतं. नंबरात नव्हतं, म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी. सुरुवातीला शाळेसाठी म्हणून दोन वाक्यं प्रेरणेची घातली होती. पुढं लिहिलं होतं की पुस्तक चांगलं आहे पण एक राहून गेलं आहे. लुईझबाई त्या घरात राहायला आल्या की पहिल्या दिवशी स्वयंपाक त्यांनाच करावा लागेल. रॉकेलची बादली आता कुठं ठेवतात, ते त्यांना कुणी सांगितलं का? बिली जोनं सांगायला पाहिजे. बापावर सोडू नये.